शोधसूचीत नोंदींची घाऊक भरणी

शोधसूचीत नोंदींची घाऊक भरणी म्हणजे डेटाबेसमधील नोंदी एकसारख्या स्वरूपात आणून त्या मोठ्या गठ्ठ्यांनी शोधसूचीत समाविष्ट करण्याची प्रक्रिया होय. शोधसूचीत प्रत्येक शब्दापुढे तो ज्या नोंदींत आला त्यांचे क्रमांक असतात. ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचीसारखीच ही रचना आहे. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ल्युसीन आणि तिच्यावर आधारलेली, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली इलास्टिकसर्च या प्रणाली यासाठी प्रचलित आहेत.

== पूर्वतयारी ==
मराठी नोंदींत पूर्वतयारीला विशेष महत्त्व आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांतील मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा लागतो. ‘खोऱ्यात’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो : ‘ऱ’ वापरून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसले तरी संगणकाला ते भिन्न शब्द वाटतात. ‘७/१२’ व ‘7/12’ यांचेही तसेच.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांची उदाहरणे बोलकी आहेत. २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळलेल्या महाड तालुक्यातील गावाचे नाव ‘तळीये’ आणि ‘तळिये’ असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. १ जानेवारी १९८१ पूर्वीच्या कागदपत्रांत जिल्ह्याचे नाव ‘कुलाबा’ आढळते. अशी रूपे समानार्थी म्हणून नोंदवावी लागतात. बिरवाडी हे महाड तालुक्यातील गाव, तर रोहा तालुक्यातील किल्ल्याचेही तेच नाव. म्हणून नावासोबत तालुका स्वतंत्र रकान्यात ठेवणे इष्ट असते. ‘१२/१अ’ यासारखा जमिनीचा हिस्सा क्रमांक न तोडता अखंड ठेवावा लागतो.

== भरणी ==
इलास्टिकसर्चमध्ये प्रत्येक नोंदीसाठी दोन ओळी पाठवतात : पहिलीत कृती व ओळखक्रमांक, दुसरीत प्रत्यक्ष नोंद. ओळखक्रमांक मूळ डेटाबेसमधलाच ठेवल्यास भरणी पुन्हा केली तरी दुबार नोंदी होत नाहीत. एका विनंतीची मूळ मर्यादा १०० मेगाबाइट असली, तरी त्याहून बरेच लहान गठ्ठे सोयीचे ठरतात. प्रारंभिक भरणीच्या काळात सूचीचे नियमित ताजेकरण थांबवून व प्रतिकृती शून्यावर आणून वेग वाढवता येतो. काम संपताच ही मूल्ये पूर्ववत करावी लागतात.

== पडताळणी ==
संपूर्ण गठ्ठा स्वीकारल्याचा संदेश आला, तरी त्यातील काही नोंदी नाकारल्या गेलेल्या असू शकतात. म्हणून उत्तरातील त्रुटीदर्शक घटक तपासून त्या नोंदी दुरुस्त करून पुन्हा पाठवाव्या लागतात. अखेरीस मूळ डेटाबेसमधील व सूचीतील नोंदींची संख्या तालुकानिहाय जुळवतात. जमीन, वारसा वा आपद्‌ग्रस्तांच्या याद्यांत ही जुळवणी अत्यावश्यक असते : सूचीतून वगळली गेलेली नोंद डेटाबेसमध्ये सुरक्षित असली, तरी शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नसते.