मेरुरज्जू स्वायत्त नाही

तव्याला बोट लागते आणि कळ जाणवण्याआधीच हात मागे येतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया मेरुरज्जू परस्पर उरकतो, मेंदूला तिची नुसती वर्दी जाते, असे शाळेपासून आपण शिकत आलो. यातला पहिला भाग मान्यच आहे; क्रियेचा सगळा मार्ग मेरुरज्जूतच पुरा होतो. पण त्यावरून मेंदूचा तिच्याशी संबंध नाही असे ठरत नाही. मार्ग कुठला आणि त्यावर ताबा कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मेंदूपासून तोडलेला मेरुरज्जूही पाय आखडून घेतो, हा नेहमीचा पुरावा. आखडतो हे खरे, पण कसा? मांजराचा मेंदू मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात छेदला तर ही क्रिया दबलेली राहते. छेद खाली, मेरुरज्जूवर घेतला की तीच मोकाट सुटते. एक्लस आणि लुंडबर्ग यांनी १९५९ मध्ये या नियंत्रणाचा बारकाईने अभ्यास केला. दोन छेदांच्या मधला मस्तिष्कस्तंभच तिला आवरून धरत होता.

त्याहून भक्कम पुरावा १९८३ चा. हॉवर्ड फील्ड्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या शेपटीला उष्णता देत मस्तिष्कपुच्छातील, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागातील, पेशींची नोंद घेतली. शेपटी झटकण्याच्या जरा आधी काही पेशी एकाएकी जाग्या होत, तर काही नेमक्या तेव्हाच गप्प होत. पहिल्यांना ‘ऑन’, दुसऱ्यांना ‘ऑफ’ म्हणतात. पुरेसे मॉर्फिन दिले की ‘ऑन’ थंडावतात, ‘ऑफ’ अखंड चालू राहतात आणि शेपटी हलत नाही.

यावर कोणी म्हणेल, पेशींची ही हालचाल चटक्याचा नुसता पडसाद असेल. आक्षेप रास्त आहे, पण टिकत नाही. या पेशी चटका नसतानाही आलटूनपालटून जाग्या होत असतात. उष्णता लावताना ‘ऑफ’ जाग्या असतील तर शेपटी उशिरा हलते, ‘ऑन’ असतील तर लवकर. चटका तोच, मेरुरज्जू तोच. वरचा कौल मात्र चटक्याआधीच ठरलेला. म्हणूनच मस्तिष्कस्तंभ वेदना फक्त दाबतो, हे मतही अपुरे आहे. तो ती वाढवतोही.

माणसाचे काय? पायाच्या नसेला विजेचा झटका दिला की मांडीचा स्नायू आकुंचतो. त्याच वेळी शरीराच्या दुसऱ्या भागाला तीव्र वेदना दिली तर हे आकुंचन घटते. ल बार आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेरुरज्जूत असाच परिणाम १९७९ मध्ये दाखवला होता. मेरुरज्जू तोडताच तो नाहीसा झाला. मेरुरज्जू पूर्ण तुटलेल्या रुग्णांतही तो आढळत नाही.

अशा रुग्णाच्या तळव्याला टाचणी लावली की कित्येकदा पूर्ण पाय जोराने आखडतो. घरच्यांना वाटते, संवेदना परतली. डॉक्टरांनी त्यांना ‘ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया’ एवढेच सांगून थांबू नये. टाचणी रुग्णाला कळलेली नाही, आणि पाय इतक्या जोराने उडाला तो वरचा आवर तुटल्यामुळे, हेही सांगायला हवे.