बांगडी, स्ट्रेप्टोमायसिन आणि ओव्याचे फूल

टोमॅटोचे हिरवेगार झाड पाणी असूनही दुपारी माना टाकते, संध्याकाळी जरा सावरते आणि तीन-चार दिवसांत पाने पिवळी न पडताच कायमचे कोमेजते. हा मर रोग जिवाणूंचा की बुरशीचा, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. झाडाचा बुंध्याजवळचा वीतभर तुकडा स्वच्छ कापायचा आणि काचेच्या पेल्यातील पाण्यात त्याचे टोक जेमतेम बुडेल असा धरायचा. रोग जिवाणूंचा असेल तर काही मिनिटांतच कापातून दुधट धागे खाली उतरू लागतात. त्या प्रत्येक धाग्यात असंख्य जिवाणू असतात. वर्गात करून दाखवायला यासारखा प्रयोग नाही. मात्र पेल्यातील पाणी नंतर उकळून टाकावे, शाळेच्या बागेत ओतू नये.

या रोगाचा आपल्याकडील इतिहास पुण्यापासून सुरू होतो. १८९२ साली कॅपेल यांनी पुणे भागातील बटाट्यावर त्याची नोंद केली. रोगट बटाटा आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी कडे दिसते, म्हणून लोक त्याला ‘बांगडी’ म्हणत. हे नाव शास्त्रीय नावापेक्षा जास्त सांगते असे आम्हांला वाटते. जिवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत शिरतात, तेथे चिकट द्रव्य तयार करतात आणि नळ तुंबावा तशा त्या नलिका तुंबतात. बांगडी म्हणजे त्या तुंबलेल्या नलिकांचेच वर्तुळ. शास्त्रीय नाव मात्र एका जागी टिकलेले नाही. १८९६ साली अमेरिकेच्या कृषी खात्यातील अर्विन स्मिथ यांनी टोमॅटो, वांगे आणि बटाटा यांच्यावरील या जिवाणूचे वर्णन केले, तेव्हा तो ‘बॅसिलस’ होता. पुढे ‘स्यूडोमोनास’, १९९२ मध्ये ‘बर्कहोल्डेरिया’ आणि १९९५ मध्ये ‘रालस्टोनिया’ झाला. २०१४ मध्ये त्याच्याही तीन जाती केल्या गेल्या!

जिवाणूंमुळे वनस्पतींना रोग होतो, हेच त्या काळी सर्वमान्य नव्हते. अमेरिकेत थॉमस बरिल यांनी नासपतीच्या झाडांवरील करप्याला जिवाणू कारणीभूत असल्याचे १८८० च्या सुमारास दाखविले होते. तरीही १८९७ साली आल्फ्रेड फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात ही कल्पना साफ फेटाळली. स्मिथ यांनी काही वर्षे लेख लिहून, प्रयोगांचे पुरावे देऊन त्यांना उत्तर दिले, आणि त्यांची भाषा काही सौम्य नव्हती. वाद स्मिथ यांनी जिंकला खरा, पण शेतकऱ्याच्या हाती काही पडले नाही. रोगाचे कारण कळले, तरी उपाय कळायला आणखी अर्धशतक जावे लागले.

१९४४ साल या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षी अमेरिकेत शाट्झ, ब्युगी आणि वाक्समन यांनी स्ट्रेप्टोमायसिनचा शोध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी, त्याच देशात, कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी लसणातील जिवाणुनाशक द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याचे नाव ॲलिसिन. एक औषध मातीतल्या सूक्ष्मजीवापासून मिळालेले, दुसरे फोडणीच्या लसणातून. पहिले जगभर गेले, दुसरे प्रयोगशाळेच्या कपाटात राहिले. असे का झाले? ॲलिसिन अखंड पाकळीत नसतेच. लसूण ठेचल्यावर एका विकराच्या क्रियेने ते तयार होते आणि लवकरच विघटित होऊ लागते. स्ट्रेप्टोमायसिनची भुकटी बाटलीत भरून ठेवता येते. कारखान्याला कोणते परवडणार हे उघड आहे.

क्षयावरचे हे पहिले प्रभावी औषध १९५० च्या दशकात पिकांवरही फवारले जाऊ लागले. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याने नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असे मिश्रण ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ नावाने आणले. गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत ती छोटी पुडी ठाऊक नसलेला दुकानदार विरळा. पण फ्लोरिडात टोमॅटो-मिरचीवरील ठिपक्यांच्या रोगाचे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाहीत, हे १९६० च्या दशकाच्या आरंभीच दिसून आले होते. हे औषध जिवाणूंच्या प्रथिने बनविणाऱ्या यंत्रणेत एका ठरावीक जागी चिकटते. त्या जागेत एखादा बदल झाला की काम संपले. पुढे तांब्याच्या औषधांनाही हेच जिवाणू सरावले. शिवाय प्रश्न फक्त टोमॅटोचा नव्हता. शेतात तयार झालेले रोधक गुण इतर जिवाणूंकडे, पर्यायाने माणसाच्या रोगजंतूंकडे जाऊ शकतात. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ही दोन्ही प्रतिजैविके शेतीतून काढून टाकण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यामागे हीच चिंता होती. क्षयरोग्यांच्या देशात क्षयाचे औषध भाजीवर फवारणे आम्हांला आधीपासूनच खटकायला हवे होते.

येथे वनस्पतींचे अर्क पुन्हा पुढे येतात. लसूण, कडुनिंब, तुळस यांच्या अर्काने बशीतील जिवाणू मरतात हे सांगणारे निबंध ढिगाने आहेत. पण बशी म्हणजे शेत नव्हे. मर रोगाचे जिवाणू मातीत आणि झाडाच्या आत असतात. पानावर मारलेला अर्क तेथे पोहोचत नाही. म्हणून आम्हांला फ्लोरिडा विद्यापीठातील प्रधानांग, मोमोल, ओल्सन आणि जोन्स यांचे २००३ चे काम महत्त्वाचे वाटते. त्यांनी औषध झाडाला न देता मातीला दिले, तेही लागवडीपूर्वी. थायमॉल, रोशा गवताचे तेल आणि गवती चहाचे तेल मिसळलेल्या मातीत जिवाणू सापडेनासे झाले. टी-ट्री तेलाचा मात्र काही उपयोग झाला नाही. नंतर प्रत्यक्ष शेतात थायमॉल वापरून पाहिले, तेव्हा न हाताळलेल्या वाफ्यांत निम्म्याहून अधिक झाडे मेली आणि थायमॉलच्या वाफ्यांत आठातले एखादे.

यातील दोन द्रव्ये आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. थायमॉल म्हणजे बाजारात मिळणारे ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा पोत्यांनी जर्मनीला जाई, तेथे त्याचे थायमॉल निघे आणि ते आतड्यांतील अंकुशकृमीवर दिले जाई. रोशाचे तेल खानदेशात भट्ट्या लावून काढले जाई. मुंबईहून ते तुर्कस्तानला पोहोचे आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला खपे, कारण दोहोंत जिरॅनिऑल हे सुवासिक द्रव्य असते. शंभर वर्षांनी हीच तेले टोमॅटोच्या मातीत उतरली.

मग शेतकऱ्याने उद्या ओव्याचे फूल आणावे काय? आधी विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्या. प्रयोगात लिटरभर मातीला ७०० मिलिग्रॅम थायमॉल होते. एका गुंठ्यातील, म्हणजे १०१ चौरस मीटरमधील, १५ सेंटिमीटर खोलीची माती सुमारे १५,००० लिटर भरते. तिला साडेदहा किलो थायमॉल लागेल; एकराला सव्वाचारशे किलो. किराणा दुकानात भाव विचारून पुढचा गुणाकार मुलांनीच करावा. शिवाय थायमॉल रोपांनाही सोसत नाही. ते मातीत मिसळून, प्लॅस्टिकने झाकून, वास जाईपर्यंत थांबावे लागते. नैसर्गिक आहे म्हणून ते सौम्य आहे असे मुळीच नाही.

तेव्हा कोकणातील आणि गोव्यातील आम्लधर्मी जांभ्या मातीत, जेथे हा मर रोग हटत नाही, सध्या भरवसा आहे तो रोगाला तोंड देणाऱ्या वाणांवर. केरळ कृषी विद्यापीठाचे ‘शक्ती’ आणि ‘मुक्ती’ हे त्यांपैकी. एखाद्या रोपवाटिकेच्या गादीवाफ्यापुरते, किंवा कुंड्यांच्या मातीपुरते, ओव्याचे फूल परवडेल. शाळेच्या बागेतील दोन कुंड्या रोगट मातीने भराव्यात, एकीत थायमॉल घालून झाकून ठेवावे, दुसरी नुसतीच झाकावी आणि महिन्याभराने दोन्हींत रोपे लावावीत. कोणते रोप माना टाकते ते कळायला फार दिवस लागत नाहीत, आणि खात्री करायला पाण्याचा पेला आहेच.