मूस, केकी
मूस, केकी : (२ ऑक्टोबर १९१२ – ३१ डिसेंबर १९८९). खानदेशातील छायाचित्रकार व चित्रकार. टेबलटॉप छायाचित्रणातील भारतीय अग्रणी. संपूर्ण नाव कैखुसरो माणेकजी मूस. जन्म मुंबईत, पारशी कुटुंबात. शिक्षण विल्सन महाविद्यालयात. पुढे इंग्लंडमधील शेफील्ड येथे व्यावसायिक कला व छायाचित्रणाचा अभ्यास. मायदेशी परतल्यावर चाळीसगाव (जि. जळगाव) येथे कायम वास्तव्य. चाळीसगाव रेल्वे स्थानकाजवळच त्यांचे घर आहे. त्याला त्यांनी ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ हे नाव दिले होते. रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या छायाप्रकाशाकडे त्यांचा असलेला ओढा या नावातूनही दिसतो.

टेबलटॉप : टेबलावर लहान वस्तू मांडून त्यांतून विस्तीर्ण निसर्गदृश्याचा भास उभा करणारा हा स्थिरचित्राचा प्रकार होय. यात वाळलेली डहाळी वृक्ष होते, शेवाळाचा तुकडा कुरण होतो, वाळू माळरान होते, तर पांढरी भुकटी बर्फ. दिव्यांच्या उष्णतेने ताजे पान लवकर मलूल होते. त्यामुळे सुकी काटकी अधिक सोयीची. कॅमेरा वस्तूंच्या पातळीवर उतरवावा लागतो, कारण वरून पाहिल्यास मांडणी खेळण्यासारखी दिसते. वस्तू जवळ असल्याने स्पष्ट दिसणारी खोली घटते. त्यावर उपाय म्हणून अ‍ॅपर्चर बारीक ठेवून एक्स्पोजर लांबवतात; दृश्य निश्चल असल्याने ते साधते. प्रकाश मुख्यतः एकाच बाजूने यावा लागतो. दोन दिशांच्या सावल्या पडल्या, की सूर्यप्रकाशाचा भास मोडतो.

एकांतवास : इंग्लंडहून परतल्यानंतर मूस यांनी आयुष्याचा बहुतांश काळ घरातच व्यतीत केला. त्यामागील कारणांविषयी अनेक आख्यायिका प्रचलित आहेत.

इतर कला : चित्रकला, शिल्पकला, ओरिगामी, संगीत.

मूल्यमापन : घडा, फळे व मागे कापड हा स्थिरचित्राचा साचा महाराष्ट्रात शालेय चित्रकला परीक्षांमुळे रुजला. मूस यांनी स्थिरचित्राला कॅमेऱ्याच्या साहाय्याने त्या साच्याबाहेर नेले. त्यांच्या टेबलटॉप कृतींना केवळ छायाचित्रणातील कौशल्य म्हणून बाजूला ठेवणे अन्यायाचे ठरेल. मांडणी, छटा व अवकाश यांचा त्यांतील विचार चित्रकाराचा आहे. मराठी चित्रकलेच्या इतिहासात त्यांना स्थान मिळायला हवे.

त्यांच्या घराचे आता संग्रहालय झाले असून त्यांच्या नावाचे कला प्रतिष्ठान त्याची देखभाल करते.