'गोइंग बॅक'चे कुळ

फिल कॉलिन्स या इंग्रज गायक-वादकाने २०१० सालच्या सप्टेंबरात 'गोइंग बॅक' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तेव्हा तीत त्याने स्वतः रचलेले एकही गीत नव्हते. कोवळ्या वयात ज्यांनी त्याला वेड लावले त्या सोल गीतांची, त्यांतही बहुतांशी डेट्रॉइटच्या 'मोटाउन' कंपनीच्या गीतांची, ती पुनरावृत्ती होती, आणि मूळ लयीत वा वाद्यमेळात पदरचे काही मिसळावयाचे नाही, असा निर्बंध त्याने आपणहून पत्करला होता. अशा कामाला नक्कल म्हणून नाक मुरडणे सोपे. परंतु या ध्वनिमुद्रिकेचे कुळ न्याहाळले म्हणजे तो शब्द अन्यायाचा वाटू लागतो.

या कुळाचा मूळपुरुष बेरी गॉर्डी. लिंकन-मर्क्युरी मोटारींच्या कारखान्यात मजुरी केलेल्या या कृष्णवर्णीय तरुणाने १९५९ साली कुटुंबाच्या सामाईक पुंजीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन कंपनी मांडली, वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील २६४८ क्रमांकाच्या साध्याशा घरात ध्वनिमुद्रणाची खोली उभारली, आणि तयार झालेले गीत बैठकीत सर्वांनी पारखल्यावाचून बाजारात धाडावयाचे नाही, अशी कारखान्याला शोभेल ती वहिवाट तेथे घालून दिली. तारांच्या जंजाळामुळे वादक त्या खोलीला 'स्नेकपिट', म्हणजे सापांचे बीळ, म्हणत. गायकांची कीर्ती दिगंतात गेली. पण त्या बिळात बसून 'फंक ब्रदर्स' या नावाने ओळखले जाणारे जे वादक गीतामागून गीत वाजवीत, त्यांच्या नावांची नोंद वेष्टनावर होत नसे, आणि १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर ती झाली, तोवर दशक उलटून गेले होते. त्यांतील जेम्स जेमर्सन बास गिटारच्या तारा उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने छेडी. सुप्रीम्सच्या १९६६ सालच्या 'यू कान्ट हरी लव्ह'मध्ये आरंभीच त्याच्या बासची जी उसळती चाल ऐकू येते, ती गाण्याच्या आधी मनात ठसते, असे मला नेहमी वाटते.

हेच गीत कॉलिन्सने १९८२ साली म्हटले, आणि पुढल्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये अग्रस्थानी पोहोचले. या गीताच्या तीन रचनाकारांपैकी लॅमाँट डोझिअर याच्याशी कॉलिन्सचा स्नेह जुळला व १९८८ साली 'टू हार्ट्स' हे गीत दोघांनी मिळून रचले. तेव्हा 'गोइंग बॅक' हा वृद्धापकाळचा लहरी उपक्रम नव्हे. जुन्या ऋणाचा तो विस्तार होता.

मात्र २०१० साली जेमर्सन हयात नव्हता. तो १९८३ सालीच निवर्तला होता. कॉलिन्सने फंक ब्रदर्सपैकी बासवादक बॉब बॅबिट आणि गिटारवादक एडी विलिस व रे मोनेट यांना पाचारण केले, म्हणजे ज्या हातांनी ते संगीत घडविले होते त्यांतल्याच काही हातांकडून ते पुन्हा वाजवून घेतले. ढोल वाजविण्याचे काम मात्र त्याने स्वतःकडे ठेवले, आणि तेच सर्वांत कष्टाचे ठरले. मानेच्या मणक्याच्या विकाराने व त्यावरील शस्त्रक्रियेनंतर त्याच्या हाताची पकड गेली होती. टिपरी चिकटपट्टीने हाताला बांधून त्याने मोटाउनचा तो सरळ, न डळमळणारा ठेका धरला. ज्याच्या ठेक्याने जगाला मोहिनी घातली, त्या वादकाने असल्या अवस्थेतही स्वतःची कोणतीही करामत न दाखविता दुसऱ्याच्या ठेक्याशी एकनिष्ठ राहावे, यात मला मनाचा मोठेपणा दिसतो.

गायन मात्र सर्वत्र तितके उतरलेले नाही. फोर टॉप्सच्या लीव्हाय स्टब्जच्या आवाजातली आर्त हाक कॉलिन्सच्या गळ्याला पेलत नाही, आणि ती पेलावी म्हणून त्याने आटापिटाही केलेला नाही. मी ही ध्वनिमुद्रिका ऐकतो ती गळ्यासाठी नव्हे, त्याखाली चाललेल्या बासच्या व ढोलाच्या संवादासाठी. विलिसची गिटार त्यात अधूनमधून एखादाच तुटक स्वर टाकते, आणि तेवढ्यानेच लय सावरून धरली जाते.