उणे, वजा, सूट : न्यूनवाचक शब्दांचा व्यवहार

मराठीत घट दाखविणारे शब्द विपुल आहेत. परंतु ते परस्परांचे पर्याय नव्हेत. त्यांतील सर्वांत जुना थर संस्कृत ‘ऊन’ या विशेषणाचा. त्यातून ‘उणे’ आले आणि संख्यावाचकांतही रुतून बसले. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. एकोणनव्वदपर्यंत हीच रीत चालते, नव्याण्णवाशी मात्र मोडते. येथे घट कोणी घडवून आणलेली नसते. पूर्णाच्या मापाने जाणवणारी ती त्रुटी असते. ‘उणीदुणी काढणे’ हा दोषदर्शनाचा वाक्प्रयोग याच अर्थाचा विस्तार होय. घरगुती भाषा तर घटीचा उच्चारच टाळते : नारळ फोडला तरी तो ‘वाढवला’ जातो, बांगडी फुटली तरी ती ‘वाढते’.

‘वजा’चे मूळ अरबी, ‘ठेवणे, मांडणे’ हा त्याचा धात्वर्थ. फारसीच्या द्वारे तो जमाखर्चात आला : बाजूला ठेवलेली रक्कम ती वजा. त्याच शब्दाचा ‘रीत, धाटणी’ हा दुसरा अर्थ ‘उपदेशवजा’, ‘निबंधवजा’ यांसारख्या रूपांत टिकून आहे. समीक्षक ‘निबंधवजा कथा’ म्हणतो तेव्हा कथेतून काहीच वजा झालेले नसते. तरीही तिचे काही उणावल्याची कुरकूर त्या शेऱ्यात बहुधा ऐकू येते.

महसुली ‘सूट’ याहून गुंतागुंतीची. ‘सुटणे’ हे क्रियापद अकर्मक. सूट मात्र ‘दिली’ जाते, आणि देणारे सरकारच असते. ब्रिटिश अमदानीत ‘सूट व तहकुबी’ ही जोडी रूढ झाली : पहिलीने आकारणी माफ होई, दुसरीने केवळ लांबणीवर पडे. मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात 1918 साली झालेला सत्याग्रह या शब्दांच्या अर्थावरचाही वाद होता. चार आण्यांहून कमी पीक आल्यास वसुली तहकूब व्हावी, ही शेतकऱ्यांच्या लेखी हक्काची बाब होती, तर सरकारच्या लेखी मेहेरबानीची.

त्याच इलाख्यातल्या वसई तालुक्यात, विरार पूर्वेच्या चंदनसारपर्यंत, महसुलाची भाषा हीच होती. आज आणेवारीची पैसेवारी झाली आहे. पीक पन्नास पैशांहून कमी ठरल्यास जमीन महसुलात अजूनही ‘सूट’च मिळते, हक्काचा शब्द तेथे आलेला नाही. चंदनसार मात्र 2009 साली स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेत आहे, आणि नागरी कारभाराचा आवडता शब्द ‘कपात’ हा आहे. ‘कापणे’ हे सकर्मक क्रियापद; त्याला कर्ता लागतोच. त्याचे नाम झाले की कर्ता गळतो. सूर्या, उसगाव, पेल्हार येथून येणारे पाणी कमी पडले की ‘पाणीकपात लागू झाली’ एवढेच वाक्य पुरते. ‘सूट’ने देणाऱ्याचे नाव तरी राखले होते.