उजव्या-डाव्या स्फटिकांचा शोध : पाश्चरची वही आणि पाश्चरचें कथन

सोलापूर जिल्ह्यांत, माढें तालुक्यांत, भीमेवर उजनी येथें १९८० सालीं धरण पुरें झालें. त्याच्या फुगवट्याखालीं करमाळें, माढें व इंदापूर या तालुक्यांतील कित्येक जुनीं गांवठाणें गेलीं. पळसदेव येथील पळसनाथाचें प्राचीन देवालय त्यांपैकींच होय. अवर्षणाच्या वर्षीं पाणी खालीं गेलें म्हणजे तें उघडें पडतें आणि जुन्या वास्तूंचे अभ्यासक तिकडे धांव घेतात. ज्या पाण्यानें देवालय बुडविलें त्याच पाण्यानें या कांठचा ऊंस वाढविला. परंतु देवालय पाहून परतणाऱ्या अभ्यासकांपैकीं वाटेवरील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत डोकावणारे थोडेच. तेथील एका कांचेच्या नळीचा इतिहास अस्सल कागदांच्या शोधकांस उपेक्षणीय नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उंसाचा रस निवळून व गाळून दोनशें मिलिमीटर, म्हणजे सुमारें वीतभर, लांबीच्या त्या नळींत भरतात व ती पोलॅरिमीटर नांवाच्या यंत्रांत ठेवतात. एकाच पातळींत आंदोलन पावणारा प्रकाश रसांतून पार होतांना ती पातळी उजवीकडे वळते. किती वळली यावरून रसांतील साखर कळते. कारखान्यांत या मापास 'पोल' म्हणतात. २६ ग्रॅम शुद्ध साखर पाण्यांत विरघळवून एकंदर द्रावण १०० मिलिलिटर केलें व तें त्या नळींत भरलें असतां जें वळण मिळतें तें शंभर अंश, असें साखरेच्या मापाचें गणित आहे. तोडलेला ऊंस गव्हाणीपर्यंत पोंचण्यास फार वेळ लागला तर त्यांतील कांहीं साखर फुटून तिच्या दोन निराळ्या शर्करा होतात, आणि त्यांचें मिश्रण प्रकाशास उलट, म्हणजे डावीकडे, वळवितें. शेतकऱ्याच्या भाषेंत उतारा घटला; नळीच्या भाषेंत उजव्याचें डावें झालें.

सेंद्रिय द्रवांचा हा गुण प्रथम १८१५ सालीं ज्यां-बाप्तिस्त बियो या फ्रेंच पंडितानें दाखविला. टर्पेंटाइन, साखरेचें पाणी व टार्टारिक आम्ल यांवर त्यानें प्रयोग केले. हें आम्ल आपल्याकडे चिंचेंत आहे, युरोपांत तें द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांतील गाळापासून काढीत. पुढें आल्सेसमधील तान येथील कारखान्यांत त्याचेंच एक भावंड सांपडलें. घटक तेच, प्रमाण तेंच. परंतु टार्टारिक आम्ल प्रकाश उजवीकडे वळवी आणि हें दुसरें, पॅराटार्टारिक किंवा रेसेमिक म्हटलेलें, मुळींच वळवीना. १८४४ सालीं बर्लिनच्या मिचर्लिख यानें असें कळविलें कीं, दोन्ही आम्लांच्या सोडियम-अमोनियम क्षारांचे स्फटिक आकारानें, कोनांनीं व घनतेनें सर्वथा एक आहेत. भेद काय तो प्रकाशापुरता. हें कोडें बियोसही सुटलें नाहीं.

तें सोडविणारा लुई पाश्चर हा चामडें कमावणाराचा मुलगा. जन्म १८२२, दोल गांवीं. पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्यें बालार या रसायनशास्त्र्याच्या हाताखालीं तो मदतनीस होता. १८४८ च्या वसंतांत, म्हणजे फेब्रुवारीच्या राज्यक्रांतीची धामधूम निवली नव्हती तेव्हां, त्यानें मिचर्लिखचे स्फटिक पुन्हा तपासले. टार्टारिक आम्लाच्या क्षारांच्या स्फटिकांवर एका बाजूस बारीक जादा पैलू असतात, हें त्यास दिसलें होतें. निष्क्रिय भावंडाच्या क्षारावर असे पैलू नसतील अशी त्याची अटकळ होती. पैलू निघाले, मात्र कांहीं स्फटिकांवर ते उजवीकडे व कांहींवर डावीकडे. उजवा शंख व डावा शंख ज्यांनीं शेजारीं ठेवून पाहिले आहेत त्यांस अधिक सांगणें नलगे. दोहोंचें माप एक, वेटोळीं तितकींच, परंतु एक दुसऱ्यावर बसत नाहीं. आरशांत मात्र एकाचें दुसरें होतें. पाश्चरनें हातानें एक एक स्फटिक वेंचून दोन ढीग केले व ते वेगवेगळे विरघळविले. एकानें प्रकाश उजवीकडे वळविला, दुसऱ्यानें डावीकडे. समभाग मिसळतांच वळण नाहींसें झालें. निष्क्रिय आम्ल हें दोन विरुद्ध आम्लांचें जोडपें होतें. या हस्तभेदास लॉर्ड केल्विन यानें पुढें १८९३ सालीं ग्रीक भाषेंतील 'हात' या अर्थाच्या शब्दावरून नांव दिलें. आणि त्याचें मूळ कार्बनच्या परमाणूभोंवतालच्या चतुष्फलक मांडणींत आहे, हें व्हान्ट हॉफ व ल बेल यांनीं त्यापूर्वींच १८७४ मध्यें सुचविलें होतें.

बियो त्या वेळीं सत्तरी ओलांडलेला. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा तो नव्हे. त्यानें आपल्याजवळचें आम्ल देऊन पाश्चरकडून आपल्या देखत क्षार करविला, स्फटिक वेंचून घेतले, द्रावणें मात्र स्वतः केलीं, आणि डाव्या म्हटलेल्या स्फटिकांचें द्रावण आधीं यंत्रांत घातलें. खात्री पटल्यावर तो या तरुणाचा जन्मभर पाठीराखा झाला. अस्सल-नक्कल पारखण्याची याहून चोख रीत कोणती?

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा क्षार सुमारें २७ अंश सेंटिग्रेडच्या खालींच असा उजव्या-डाव्या स्फटिकांत विभागून बसतो. त्याहून उष्ण हवेंत दोन्ही मिळून एकच निराळा स्फटिक होतो. पॅरिसची थंडी पाश्चरच्या पथ्यावर पडली. करमाळ्याच्या वैशाखांत तोच प्रयोग उघड्या पात्रांत मांडला असता तर वेंचण्यास ढीगच मिळाले नसते.

पुढील दहा वर्षें त्यानें मुख्यतः याच विषयास दिलीं. १८४९ मध्यें तो स्ट्रासबर्गला गेला. रेसेमिक आम्ल मूळ कोठें मिळतें याच्या शोधार्थ १८५२ सालीं तो लाइप्झिग, व्हिएन्ना, प्राग असा हिंडला, आणि १८५३ मध्यें साध्या टार्टारिक आम्लापासून उष्णतेनें तें स्वतःच तयार करून त्यानें पॅरिसच्या औषधशास्त्र मंडळाचें १५०० फ्रँकांचें बक्षीस मिळविलें. १८५६ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास रम्फर्ड पदक दिलें. पुढें बुरशी या जोडप्यांतील उजवें आम्ल खाऊन डावें शिल्लक ठेवते, असें त्यास आढळलें. जिवंत सृष्टि हात ओळखते या विचारावरूनच तो आंबण्याच्या क्रियेकडे व तेथून जंतूंकडे वळला. तो भाग सर्वविश्रुत आहे.

आतां कागदांकडे वळूं. २० जानेवारी व ३ फेब्रुवारी १८६० रोजीं पॅरिसच्या रसायन मंडळापुढें पाश्चरनें दोन व्याख्यानें देऊन आपल्या शोधाची हकीकत सांगितली. तींत क्रम असा : मिचर्लिखचें कोडें मनांत घोळत होतें, स्फटिकमापनाचा सराव व्हावा म्हणून द ला प्रोव्होस्ताय याचें टार्टारिक क्षारांवरील काम पुन्हा करावयास घेतलें, त्याच्या नजरेंतून सुटलेले पैलू दिसले, आणि कोडें सुटलें. गुरु म्हणून दलाफोस याचें स्मरण आहे. पुढील चरित्रकार याच वाटेनें गेले. बारा वर्षांनंतर, कीर्ति मिळाल्यावर, स्वतः नायकानें सांगितलेली ही हकीकत. आपल्या परिभाषेंत ती बखरच म्हणावी लागेल. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडांत पानिपतच्या बखरी समकालीन पत्रांशीं ताडून पाहिल्या, तशी ही ताडून पाहण्यास साधन हवें होतें.

साधन होतें, पण कुलुपांत. १८७८ सालीं क्लोद बर्नार वारला व त्याचीं खासगी टिपणें बर्तलो यानें छापलीं, त्यांतून पाश्चरशीं मोठा वाद माजला. त्याच सुमारास पाश्चरनें, आपल्या वह्या कोणास दाखवूं नका, असें घरच्या मंडळीस बजावलें, असें सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षें हें दप्तर घराण्यांतच राहिलें. १९६४ मध्यें नातवानें तें पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयास अर्पण केलें. यादी व्हावयास १९८५ साल उजाडलें. सुमारें शंभर वह्यांचा हा ठेवा आहे. त्यांतील पहिली वही गेराल्ड गायसन व जेम्स सेकॉर्ड यांनीं वाचली व १९८८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

वहीचा आरंभ मिचर्लिखच्या कोड्यानें होत नाहीं. तेथें निरनिराळ्या टार्टारिक क्षारांच्या स्फटिकांचे आकार, त्यांतील पाण्याचें प्रमाण, समान आकारास समान घटना असते कीं नाहीं, असा विचार आहे. प्रकाशाचा प्रश्न मागाहून येतो. आणि हा विचार ज्याच्या वळणाचा, तो ओग्युस्त लोराँ १८६० च्या कथनांत जवळजवळ दिसतच नाहीं. लोराँ १८४६-४७ मध्यें बालारच्याच प्रयोगशाळेंत काम करीत होता आणि पाश्चर त्याच्या सहवासांत होता. १८४७ च्या आपल्या प्रबंधांत पाश्चरनें त्याचे आभार मानले आहेत. इतकेंच नव्हे, तर जांवई व्हालेरी-राडो यानें लिहिलेल्या १९०० सालच्या चरित्रांतही पाश्चरची एक जुनी आठवण राहून गेली आहे : दिसावयास अगदीं शुद्ध असा टंग्स्टनचा एक क्षार लोराँनें त्यास सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला, तो तीन जातींच्या स्फटिकांची भेसळ निघाला. एकरूप दिसणाऱ्या ढिगांत भिन्न स्फटिक असूं शकतात, हा धडा याहून स्पष्ट कसा मिळावा? म्हणजे बखरकारानें पुरावा राखला, फक्त त्याचा अर्थ लाविला नाहीं.

नांव कां गळलें? लोराँचें द्युमाशीं हाडवैर, आणि द्युमा हा तर विद्येच्या दरबारांत पाश्चरचा आश्रयदाता. गायसननें हें कारण पुढें केलें आहे व तें पटण्यासारखें आहे. तथापि वहीस एकदम ताम्रपटाची योग्यता देऊं नये. वहींत मापें व सूत्रें असतात, मनांतलें सर्व नसतें. जें लिहिलें नाहीं तें सुचलेंच नव्हतें असें म्हणणें धाडसाचें होईल. शोधास मात्र या वादानें धक्का बसत नाहीं. तो बियोनें डोळ्यांदेखत पडताळला, आणि थंड हवेंत आजही कोणास पडताळतां येईल. श्रेयाचा प्रश्न तसा पुन्हा करून पाहतां येत नाहीं; त्यास कागदच लागतात. प्रस्तुत लेखकाच्या मतें पाश्चरनें खोटें सांगितलें नाहीं. व्याख्यानास शोभेल असा क्रम लाविला आणि त्या क्रमांत एका माणसास जागा उरली नाहीं.

लोराँ १८५३ सालीं क्षयानें वारला. 'मेथोद द शिमी' हा त्याचा ग्रंथ पुढील वर्षीं, त्याच्या पश्चात्, पॅरिसला छापून निघाला. त्यास वाचकांसाठीं चार शब्द लिहून देणारा गृहस्थ बियो होता.