ऑनलाइन जलद बुद्धिबळ : नवख्या खेळाडूने खेळ कसा सुधारावा?

मोबाइलवर किंवा संगणकावर, घड्याळ लावून, कमी वेळात खेळलेल्या डावाला ऑनलाइन जलद बुद्धिबळ म्हणतात. अकोले, जामखेड किंवा शेवगावच्या मुलाला आता प्रतिस्पर्धी शोधायला शहर गाठावे लागत नाही. चेस डॉट कॉम किंवा लिचेससारख्या संकेतस्थळावर काही सेकंदांत जोडी जमते. तरीही रोज वीस-वीस डाव खेळून मानांकन जागचे हलत नाही, अशी नवख्यांची तक्रार असते. बहुतेक वेळा डावांची संख्या कमी पडत नाही. संपलेल्या डावाकडे पुन्हा पाहणे राहून जाते.

वेळेचे प्रकार

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या (फिडे) नियमांनुसार प्रत्येक खेळाडूला १० मिनिटांपेक्षा जास्त आणि ६० मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर तो ‘रॅपिड’ डाव. १० मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ असेल तर ‘ब्लिट्झ’. संकेतस्थळांवर तीन मिनिटांच्या आतल्या डावाला ‘बुलेट’ म्हणतात. ‘१५+१०’ याचा अर्थ सुरुवातीला १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीमागे १० सेकंद जादा.

वेग कुठून येतो?

जलद खेळणारा चांगला खेळाडू प्रत्येक चाल नव्याने मोजत बसत नाही. घोड्याचा दुहेरी हल्ला, शेवटच्या पट्टीवर हत्तीने होणारी मात, राजासमोर अडकलेला मोहरा अशा रचना त्याने इतक्या वेळा पाहिलेल्या असतात की त्या दिसताच ओळखू येतात. ही ओळख सावकाश खेळातून तयार होते. संगमनेरचा शार्दूल गागरे २०१६ मध्ये ग्रँडमास्टर झाला. या किताबासाठी साधारणपणे २५०० मानांकन आणि तीन ‘नॉर्म’ लागतात आणि ते पटावरच्या दीर्घ वेळेच्या स्पर्धांमधूनच मिळवावे लागतात. ऑनलाइन ब्लिट्झचे गुण त्यात धरले जात नाहीत.

सरावाची पद्धत

१. वेळ वाढवावी. सुरुवातीचे काही महिने १५+१० किंवा निदान १० मिनिटांचे डाव खेळावेत. तीन मिनिटांत विचाराला जागा नसते, त्यामुळे चुकीची सवयच पक्की होते.

२. चालीआधी तीन प्रश्न विचारावेत. प्रतिस्पर्ध्याची चाल कशासाठी होती? आपला कोणता मोहरा बिनजोर आहे? शह किंवा फुकटचा मोहरा मिळतो का? नवख्यांचे बरेचसे डाव खोल डावपेचांपेक्षा फुकट दिलेल्या मोहऱ्यामुळे जातात.

३. सुरुवात साधी ठेवावी. मधली घरे प्याद्यांनी धरावीत, घोडे-उंट बाहेर काढावेत, लवकर कॅसलिंग करावे. वजीर फार लवकर बाहेर काढू नये. पांढऱ्यासाठी एक आणि काळ्यासाठी दोन सुरुवाती समजून घेतल्या तरी पुरे.

४. रोज कोडी सोडवावीत. एक-दोन चालींत मात किंवा मोहरा मिळवून देणारी सोपी कोडी रोज १५ मिनिटे सोडवावीत. अंदाजाने चाल टाकू नये. उत्तर मनात पूर्ण झाल्यावरच चाल करावी.

५. शेवटचा खेळ शिकावा. राजा-वजीर आणि राजा-हत्ती यांनी एकट्या राजावर मात करणे अर्ध्या मिनिटात जमायला हवे. नाहीतर जिंकलेला डाव घड्याळावर जातो.

६. हरलेला डाव तपासावा. आधी स्वतः पाहून, खेळ कुठे फिरला ते ठरवावे. संगणकाचे विश्लेषण त्यानंतर उघडावे. एका डावातून एकच धडा वहीत लिहावा.

७. लागोपाठ दोन डाव हरल्यावर थांबावे. चिडून खेळलेला तिसरा डाव बहुधा तसाच जातो.

घड्याळ आणि नेट

वेळ संपला की डाव जातो. मात्र प्रतिस्पर्ध्याकडे फक्त राजा उरला असेल तर डाव बरोबरीत सुटतो. नेट गेले तरी घड्याळ चालूच राहते. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत इंटरनेटच्या मोठ्या बिघाडामुळे भारताच्या निहाल सरीन आणि नागपूरच्या दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व वेळ संपला. त्यानंतर भारत आणि रशिया यांना संयुक्त विजेते जाहीर केले गेले. घरच्या डावात असा दिलासा मिळत नाही. ज्या गावात नेट खात्रीचे नाही, तिथे जादा सेकंदांचे डावच बरे.

पुढे जुलै २०२५ मध्ये याच दिव्याने बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिड डावांत लागला. दीर्घ डावांच्या तयारीवर उभा राहिलेला वेग तिथे कामी आला.

मानांकन कसे वाचावे?

लिचेसवर नवे खाते १५०० पासून सुरू होते, तर फिडेच्या यादीत २०२४ पासून सर्वांत कमी मानांकन १४०० आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करू नये. डाव चालू असताना संगणकाची मदत घेतल्यास खाते बंद होऊ शकते. रोजच्या चढउतारापेक्षा महिन्याभराचा कल पाहावा, आणि फुकट गमावलेले मोहरे कमी होत आहेत का, हे मोजावे. ते कमी झाले की मानांकनही हळूहळू वर सरकते.